उसनं वजन

पोंक आला की सुरतेत थंडी आली असं समजायचं. इथली थंडी अंगाला फारशी कळत नाही, जिभेला आधी कळते. नदीवरच्या पुलाजवळ पत्र्याच्या टपऱ्या उभ्या राहतात, ज्वारीची कोवळी कणसं भट्टीत भाजून झोडपली जातात आणि हिरव्यागार मऊ दाण्यांचे ढीग लागतात. आपण ज्याला हुरडा म्हणतो तोच हा. फरक एवढाच, की हुरडा शेतात बसून, तळहातावर चोळून, फुंकर मारून खायचा, आणि पोंक काट्यावर तोलून, सोबत लिंबूमिरीची शेव बांधून घरी न्यायचा. परवा मी आणि मंगल, म्हणजे माझी धाकटी नणंद, अशाच एका टपरीपुढे उभ्या होतो. टपरीवाल्याने काट्यात पुडी ठेवली आणि विचारलं, "केटलुं वजन करूं, बेन?"

मंगलने माझ्याकडे पाहिलं, मी मंगलकडे. आणि आम्ही दोघी भर रस्त्यात अशा काही हसत सुटलो की टपरीवाल्याने काटा पुन्हा तपासून पाहिला. त्याला बिचाऱ्याला वाटलं, त्याच्या काट्यात खोट आहे. खोट आमच्यात होती. तीन वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात 'वजन' हा शब्द आमच्या इतक्या पाठी लागला होता, की अजून कुणी तो उच्चारला तरी आम्हाला तापीचं पाणी नाकात गेल्यासारखं वाटतं.

तसा तो शब्द माझ्या पाठी जन्मापासून लागलेला. मी सत्तेचाळीस किलोंची. लग्नाआधी अठ्ठेचाळीस होते, म्हणजे संसाराने माझं काही वाकडं केलं नाही, फक्त एक किलो घेतला. मला बघायला आलेल्या एका बाईंनी माझं मनगट दोन बोटांत धरून पाहिलं होतं, बाजारात शेवग्याची शेंग बघतात तसं. पुढे मी लिंबायतच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा स्टाफरूममध्ये माझ्या शब्दाला वजन नाही असं कळलं. सरकारी कचेरीत गेले तर फाइलवर वजन ठेवा म्हणाले. मी भाबडेपणाने टेबलावरचा पेपरवेट ठेवला होता, तो किस्सा आमचे हे अजून पाहुण्यांना सांगतात. मंगलचं तर विचारूच नका. ती चव्वेचाळीस किलोंची आणि नोकरी हिऱ्यांच्या कचेरीत. दिवसभर चिमट्याने हिरे काट्यावर ठेवायचे आणि वजन बोलायचं. ती नोकरीसाठी सुरतेला आली आणि आमच्याच घरी राहिली. तिला कुणी "किती बारीक आहेस गं" म्हटलं, की ती शांतपणे सांगते, "आमच्याकडे बारीक मालालाच भाव असतो."

अशा आम्ही दोघी होडीत कशा गेलो, हे आता आठवलं तरी नवल वाटतं. कॉझवेच्या वरच्या अंगाला तापी अडवलेली आहे, तिथे पाणी तळ्यासारखं पसरून राहतं. त्या काठावर शिडाच्या होड्या शिकवणारं एक छोटंसं मंडळ आहे. एका दिवाळीनंतर त्यांनी शाळेतल्या मुलींना एक दिवस पाण्यावर न्यायचं ठरवलं आणि मुलींबरोबर बाई म्हणून मला जावं लागलं. मंगल सुट्टी होती म्हणून आली. मुलींनी दिवसभर दंगा केला, वडापाव खाल्ला आणि घरी गेल्या. आम्ही दोघी मात्र तिथेच राहिलो असं म्हटलं पाहिजे, कारण पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो, त्याच्या पुढच्याही. मी पंचावन्नाची, मंगल सत्तेचाळिसाची. सोसायटीतल्या बायका विचारायच्या, "सत्संगाला जाता का गं?" आम्ही हो म्हणायचो. टोपी, पाण्याची बाटली आणि तोंडावरचा तो आनंद पाहून त्यांना ते पटायचंही.

आमची होडी कॅटामरान होती. म्हणजे दोन अरुंद, लांब होडकी शेजारी शेजारी, त्यांच्यामध्ये ताणून बांधलेली जाळी, जाळीवर बसायचं आणि मधोमध उंच डोलकाठीला शीड. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आमच्या अमळनेरच्या घरातली बाज आठवली होती, कुणीतरी बाजेला परकर बांधून पाण्यात सोडावं तशी. पण वारा भरला की ही बाज जी पळते! पाणी जाळीतून वर उडतं, दोऱ्या गुणगुणायला लागतात, आणि वाऱ्याकडचं होडकं हलकेच पाण्याबाहेर येतं. त्या क्षणी मंगल जे ओरडायची, ते मी तिच्या तोंडून घरात कधी ऐकलं नव्हतं. शब्द नव्हताच तो. घरात ती खुर्ची सरकवतानासुद्धा आवाज करत नाही.

पण पाण्याबाहेर आलेलं होडकं कधीकधी खाली यायचं विसरतं. मग होडी कुशीवर पडते. एक होडकं पाण्यात, दुसरं आकाशाकडे, शीड पाण्यावर आडवं, आणि आपण जाकिटात तरंगत खोकत असतो. पडण्यात काही वाईट नाही, सगळे पडतात. वरच्या होडक्यावरून एक दोरी टाकायची, खालच्या होडक्यावर उभं राहायचं, दोरीला धरून मागे, पाण्याकडे, पाठ टेकायला आल्यासारखं झुकायचं. आपल्या भाराने होडी हळूहळू उठते आणि धप्पकन सरळ होते. आपल्या भाराने! तिथेच तर सगळं अडलं. होडीला उठवायला साधारण सव्वाशे किलो लागायचे, आणि आम्ही दोघी मिळून एक्याण्णव. आम्ही दोरीला लटकायचो, वाळत घातलेल्या दोन टॉवेलांसारख्या. होडी ढिम्म हलायची नाही.

मंडळाचे जुने शिक्षक फिरोझसर. सत्तरीचे, पारशी, आवाज भोंग्यासारखा आणि मन लोण्याचं. पण नियमाला पक्के. ज्यांना पडलेली होडी आपली आपण दहा मिनिटांत उभी करता येत नाही, त्यांनी एकटं जायचं नाही, सोबत भरभक्कम माणूस घ्यायचा. त्यांचं बरोबरच होतं, पाणी कुणाचं मेहुणं नसतं. सरांनी आम्हाला माणूसही दिला. ठाकोरकाका, एका कारखान्यातून निवृत्त झालेले, पंचाण्णव किलो. ते जाळीच्या मधोमध मांडी घालून बसायचे. होडी पळायचीच नाही, मग पडणार कुठून? काका अतिशय प्रेमळ. खिशात शेंगदाणे असायचे, ते आम्हाला द्यायचे, आणि पूर्ण वेळ त्यांच्या पित्ताबद्दल बोलायचे. काय खाल्लं की काय होतं, आणि मग काय घेतलं की काय थांबतं. तापीवर सूर्य उगवतोय, बगळे उडताहेत, समोरच्या गच्च्यांवरून पहिले पतंग चढताहेत, आणि काका सांगताहेत, "पछी मेथीनुं पाणी चालू कर्युं."

एकदा मंगल त्यांना म्हणाली, "काका, आम्ही दोघी तुमच्याशिवाय नाही का जाऊ शकणार?" काका मनापासून हसले आणि म्हणाले, "बेन, तमे बे जण भेगा थाव तोये एक माणसनुं वजन नथी थतुं." दोघी मिळून एका माणसाचं वजन होत नाही. त्यांच्या मनात काहीही वाईट नव्हतं, ते किलोंबद्दलच बोलत होते. पण परतताना रिक्षात मंगल ते वाक्य पुन्हा एकदा पुटपुटली. लग्न करायचं नाही असं तिने ठरवलं तेव्हापासून हे वाक्य तिने निरनिराळ्या शब्दांत, निरनिराळ्या काकांकडून ऐकलेलं होतं. गोडादऱ्याच्या चौकात रिक्षा अडकली तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, उत्तराणाच्या आत मला त्या होडीत फक्त दोघींनी जायचंय. तू आणि मी. मधे कुणी नको." मी म्हटलं, "जाऊ." नणंदेने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट होती, आणि उत्तराणाला, म्हणजे संक्रांतीला, जेमतेम सात रविवार उरले होते.

वजन वाढवायचा प्रयत्न आम्ही आधी सरळ मार्गाने केला. डिंकाचे लाडू, केळी, रात्री दूध. पंधरा दिवसांनी माझं वजन तेवढंच आणि आमच्या ह्यांचं दोन किलोंनी वाढलं, कारण लाडू समोर दिसत होते. ते म्हणाले, "घरात तुमचं दोघींचं वजन एवढं आहे की माझा आवाज निघत नाही, आणि पाण्यावर काय होतं तुम्हाला?" मग मीच एका संध्याकाळी वह्या तपासता तपासता थांबले. वजन अंगातच असायला हवं असं कुणी सांगितलं? शेजारणीकडून वाटीभर साखर आणतो, तसं वजन उसनं आणता येणार नाही? आणि नदीत उभं राहून वजन शोधायचं म्हणजे पाण्यात राहून तहानलेलं राहणं. पाणीच वजन! एक मोठी पिशवी होडीत घडी करून ठेवायची, पडलो की ती नदीत बुडवून भरायची, दोरीला अडकवायची. चाळीस लिटर म्हणजे चाळीस किलो. काम झालं की पाणी नदीला परत. मंगल पोळ्या लाटत होती, ती लाटणं हातात घेऊनच नाचली.

पिशवी कुणी शिवायची हा प्रश्न लिंबायतला पडूच शकत नाही. तिथे भिकाभाऊ आहेत. रिक्षाची हुडं आणि सिटं शिवतात, रस्त्याच्या कडेला त्यांची जाड सुईची मशीन, आजूबाजूला रेक्झिनचे तुकडे, आणि पलीकडे पाटावर बसून कापणारी त्यांची बायको, कमलबाई. मूळचे पारोळ्याकडचे, बोलणं अजून खानदेशी. मी चित्र काढून दाखवलं. भिकाभाऊंनी चष्मा कपाळावर चढवला.

"हाई काय शे बाई? पाणीनी पिशवी?"

"होय. होडी पडली की उभी करायला."

"पडी जाई आशी होडीमा बसतसच काब्र?" पडणाऱ्या होडीत बसताच कशाला, असं म्हणाले खरे, पण त्यांचे हात टेप शोधत होते. हुडाचं पिवळं रेक्झिन निवडलं, कारण पाण्यात लांबून दिसेल. दुहेरी शिलाई, तळाला पट्ट्यांची फुली, आणि वर दोन रुंद पट्टे. तोंड उघडं राहावं म्हणून कमलबाईंनी जुन्या चाळणीचं कडं आत घालून शिवलं. दुकानासमोरच नळाच्या पाण्याने पिशवी काठोकाठ भरून बाहेर आलेल्या लोखंडी कांबीला टांगली. एक थेंब गळेना. येणारे जाणारे रिक्षावाले थांबून बघत होते. मी त्या पिशवीला हात जोडायचीच बाकी होते.

रविवारी होडी मुद्दाम पाडली. मी पिशवी नदीत बुडवली, ती गटागटा भरली, पट्टे दोरीला अडकवले, आणि दोघी दिमाखात मागे झुकलो. काही नाही. पुन्हा झुकलो. पिशवी आमच्या बाजूला पाण्यात मजेत डुलत होती, आणि होडी जिथली तिथे. ठाकोरकाका मदतीच्या होडीत पोंकाची पुडी घेऊन बसले होते. "जोर करो, बेन, जोर!" ते ओरडत होते. आम्ही जोर केला. मंगलच्या चपलेचा पट्टा तुटला. मग मला ते कळलं, आणि कळलं तेव्हा वाटलं आता तापीने मला पोटात घ्यावं. पाण्यात बुडालेल्या पाण्याला वजन कसलं असणार! पंचवीस वर्षं मी आठवी-नववीच्या मुलांना बादली, दगड आणि ताणकाटा घेऊन हेच शिकवत आले. वस्तू द्रवात बुडवली असता तिच्या वजनात घट झाल्यासारखी वाटते. 'वाटते' या शब्दाखाली रेघ मारा, असंही सांगत आले. आणि स्वतः भर नदीत चाळीस लिटर पाणी पाण्यातच टांगून मागे झुकले होते.

"मग पिशवी वर उचलून अडकवू," मंगल म्हणाली. आम्ही उचलायला गेलो. पाण्याच्या पातळीपर्यंत ती सुतासारखी आली, आणि पातळीला येऊन जी अडली ती अडलीच. निसरड्या होडक्यावर उभं राहून चाळीस किलो छातीएवढं उचलणं आमच्या बापजन्मी शक्य नव्हतं. ते उचलता आलं असतं तर पिशवी हवी कशाला होती? फिरोझसरांनी शेवटी मदतीची होडी आणून आम्हाला उभं केलं. काकांनी उरलेला पोंक आमच्या हातावर ठेवला.

सोमवारी शाळेत नववीला नेमका तोच धडा होता. मी बादली आणली आणि वर्गाला सगळी हकीगत सांगितली, स्वतःच्या मूर्खपणासकट. बाई चुकतात, आणि नदीत चुकतात, हे त्यांना फार आवडलं. त्या वर्षी तो धडा कुणाला परत शिकवावा लागला नाही.

संध्याकाळी पिशवी घेऊन भिकाभाऊंकडे गेले. मनात होतं, एखादी कप्पी बसवता येते का विचारावं. भिकाभाऊ विचारात पडले. कमलबाई मात्र ऐकता ऐकता पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"बाई, तुम्ही शायमा शिकाडतस ना? घागर पाणीमा शे तवलोंग फूल. बाहेर निंघनी का कंबर मोडस. हाई तं आमना पोरीसोरीसले बी म्हाईत शे."

"आता माझ्याही कमरेला माहीत झालं," मी म्हटलं. "मग करू काय?"

त्यांनी कात्री खाली ठेवली. त्यांचं गाव बोरी नदीच्या काठचं. उन्हाळ्यात नदीत पाण्याचा टिपूस नसायचा, नुसती वाळू. मग बायका वाळूत खड्डा करायच्या, त्याला झिरा म्हणायचं. झिऱ्यात पाणी हळूहळू पाझरायचं, वाटीभर, दोन वाट्या. हंडा त्यात बुडणार कसा? तो वर काठावर ठेवायचा, आणि खाली बसून वाटी वाटीने त्यात पाणी टाकत राहायचं. हे सगळं सांगताना त्यांचा उजवा हात आपोआप खाली जात होता आणि वर येत होता. मग त्या सहज म्हणाल्या, "भरीसन उचलू नका ना बाई. उचलीसन भरा."

पिशवी रिकामीच दोरीला टांगायची, छातीएवढ्या उंचीवर. रिकामी पिशवी काय, हातभर रेक्झिन! आणि मग खालून डबड्याने पाणी घेऊन तिच्यात ओतायचं. पाच लिटर, पाच लिटर, पाच लिटर. एवढं तर मीही उचलते. दुष्काळातल्या बायकांनी थेंबाथेंबासाठी शोधलेली रीत, आणि ती आम्ही भरलेल्या तापीत वापरणार होतो. मला इतका आनंद झाला की मी रस्त्यावरच कमलबाईंना मिठी मारली. त्या लाजून म्हणाल्या, "आमनी बोरी तापीलेच मियस. आमनंच पाणी शे ते." बोरी तापीलाच मिळते, हे मला नकाशावर माहीत होतं. कमलबाईंनी ते सांगितलं, तेव्हा त्या कॉझवेच्या पाण्याकडे मी कधी पाहिलं नव्हतं तशी पाहू लागले. खानदेशातून निघालेलं सगळं सुरतेला येतं, माणसं आणि पाणीही.

पिशवीची दुरुस्ती दोन दिवसांत झाली. पूर्वीची लांब होती, तळ पाण्याला लागला असता. ती वीतभर आखूड आणि रुंद केली. दोरीला ठरलेल्या जागी गाठ मारली, गाठीला पट्ट्यांचा आकडा. खाण्याच्या तेलाचा पाच लिटरचा कॅन वरून तिरपा कापून त्याचं चारेक लिटर मावणारं डबडं केलं, मुठीसकट. भिकाभाऊंनी पैसे घ्यायचं नाव काढलं नाही, पण पिशवीवर रिक्षामागे असतं तसं चकाकत्या पट्टीचं फूल लावून दिलं. मी म्हटलं, "भाऊ, हे कशाला?" म्हणाले, "मन्ह काम शे, कोन्हं शे ते कळाले पाहिजे."

त्यानंतरचे रविवार मला सलग आठवत नाहीत, तुकड्यांत आठवतात. जलपर्णी डबड्यात आली, ती पिशवीत गेली आणि मंगल म्हणाली, तिचंही वजन धर. एकदा वारा एवढा पडला की होडी पाडताच येईना, आम्ही तासभर पडायचा प्रयत्न करत होतो. एकदा होडी उठली, पण आम्हाला न घेताच निघाली, आणि आम्ही तिच्यामागे पोहत "अगं थांब, थांब" ओरडत होतो. हातांना दोरीचे वळ पडले. शाळेत फळ्यावर लिहिताना खडू धरवत नव्हता आणि मी उगाच हसत होते. घरी केसांना नदीचा वास यायचा, तो मला आवडायला लागला. त्या वयात आपल्याला नवं काही आवडायला लागतं, याचंच मला जास्त अप्रूप होतं.

उत्तराणाच्या आधीचा शेवटचा रविवार. सकाळपासून उत्तरेचा चांगला वारा होता. शहरभर लोक पतंगांसाठी त्या वाऱ्यावर खूश होते, आम्ही आमच्यासाठी. काठावर भिकाभाऊ आणि कमलबाई आले होते, दोघंही ठेवणीतल्या कपड्यांत, लग्नाला आल्यासारखी. फिरोझसरांनी घड्याळ वर धरलं. "दस मिनट. एक सेकन्ड पण वधारे नै." आम्ही होडी पाडली.

पाण्यातून वर आले तेव्हा मंगल आधीच खालच्या होडक्यावर चढत होती. दोरी टाकली, पहिल्यांदा घसरली, दुसऱ्यांदा बसली. पिशवी गाठीला अडकवली. मंगल दोरीला धरून उभी, मी तिच्या पायाशी वाकून डबड्याने पाणी भरतेय आणि ओततेय. एक. दोन. तिसऱ्याला निम्मं पाणी मंगलच्या डोक्यावर गेलं. कुणीच हसलं नाही. पाच. सहा. मला धाप लागली. आठ डबडी झाली तशी दोघी झुकलो. होडी हलली, दोन वीत उठली आणि पुन्हा बसली. सर ओरडले, "छ मिनट!" मला वाटलं, संपलं. मंगल म्हणाली, "वहिनी, तिचं नाक वाऱ्याकडे वळू दे. घाई करू नको. आणि अजून दोन टाक." आम्ही थांबलो. घड्याळ चालू असताना नुसतं थांबून राहणं ही त्या दिवशीची सगळ्यात अवघड गोष्ट होती. होडी सावकाश वळली. मी नववं ओतलं. दहावं ओतलं. पिशवी तट्ट फुगली, भिकाभाऊंचं फूल उन्हात चमकलं. "आता," मंगल म्हणाली, आणि आम्ही दोघींनी पाठी पाण्याकडे सोडून दिल्या.

शिडाखाली वारा शिरला. पाण्याचा पडदा गाळत शीड वर आलं, हळू, मग भराभर, आणि वरचं होडकं धप्पकन आमच्या शेजारी आदळलं. त्याच क्षणी पिशवी पाण्यात गेली आणि तिचं वजन नाहीसं झालं. नदीने दिलेलं नदीने घेतलं, मागे ना चिठ्ठी ना चपाटी. आम्ही दोन होडक्यांना जोडणाऱ्या मधल्या दांड्याला घट्ट लटकून होतो. काठावरून कमलबाईंचा आवाज आला, "उठनी वं माय, उठनी!" सरांनी घड्याळ खिशात टाकलं आणि "आठ मिनट" एवढंच म्हणाले, पण भोंगा जरा फुटला होता. सगळ्यात जास्त टाळ्या ठाकोरकाकांनी वाजवल्या. "हवे मारूं शुं काम? मने तो काढी मूक्यो!" आता माझं काय काम, मला तर काढूनच टाकलं, असं म्हणत ते शेजारच्या प्रत्येकाला शेंगदाणे वाटत सुटले.

रिकामी पिशवी आणि डबडं घेऊन आम्ही जाळीवर चढलो. सरांनी हाताने पुढे जाण्याची खूण केली, आणि आम्ही गेलो. दोघीच. मंगल सुकाणूवर, मी शिडाच्या दोरीवर, आणि मधे पसरलेली रिकामी जाळी. होडक्यांखालून पाणी नुसतं सळसळत होतं, काठ मागे जात होता, आणि काठावरचे आवाज एकेक करून गळून पडले. मंगलचे केस विस्कटलेले, ओठ थंडीने निळे, आणि चेहऱ्यावर असं काही की मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, ओल्या चेहऱ्यावर लपवायचं काय? ती म्हणाली, "किती शांत आहे गं." मी मान हलवली. काठापासून बरंच आत गेल्यावर पाण्यावर एक काळी रेघ आमच्याकडे धावत येताना दिसली. मोठी झुळूक होती. अशी झुळूक आली की शिडाची दोरी सैल सोडायची, म्हणजे होडी पडत नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. माझा हात सैल व्हायला लागला.

"वहिनी," मंगल म्हणाली, "सोडू नको."

मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती. मी दोरी घट्ट धरली. एक होडकं पाण्याबाहेर आलं, आणखी वर आलं, आणि आम्ही दोघी गळा फाडून ओरडत तापीत पडलो. डोकं वर काढलं तेव्हा दूर काठावर धावपळ दिसली, मदतीच्या होडीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. मंगलने पाण्यातून हात उंच केला आणि त्यांना जागेवरच थांबवलं.